पाण्याखालचं रान

शनिवार

मामाचा फोन आला. म्हणाला, "खुंट उघडा पडलाय बघ. कवा येत्यासा?"

आमच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी सुरू होते ती या फोननं. शाळेचा निकाल त्याच्या आधी लागो की नंतर. राकसकोप जलाशयाचं पाणी मे महिन्यात बरंच खाली गेलं की काठापासून दीड-दोनशे पावलांवर एका जुन्या आंब्याचा खुंट वर येतो. तो आंबा माझ्या आजोबांच्या रानात होता. 1962 साली धरण झालं आणि ते रान पाण्याखाली गेलं. वर्षातले दहा-अकरा महिने ते कुणाच्या दृष्टीला पडत नाही. मे महिन्यात काही दिवस दिसतं, आणि तेवढ्या दिवसांत आम्ही जमतील तितकी भावंडं मामाकडं पोचतो.

यंदा मी, माझी दहा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि पुण्याहून आलेला बारा वर्षांचा भाचा असे चौघेच. वाटेत आजीसाठी कुंदा घेतला. आजीचं वय 84, दात राहिलेले नाहीत, पण कुंदा जिभेवर विरघळतो. गणेशपूर, बेनकनहळ्ळी मागं पडली आणि बेळगुंदीकडं लागलो तसा गाडीतला पंखा बंद केला. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते या पश्चिम भागात आलं की पटतं. दुपारी ऊन लागतंच, पण चार वाजल्यानंतर घाटाकडून वारा सुटतो आणि अंगावरचा घाम वाळतो.

बेळगाव ते मामाचं गाव वीस किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्या जवळ राहून वर्षातून एकदा जायचं याची मला लाज वाटते, कारण आमच्या नळाला येणारं पाणी याच तळ्यातलं आहे. ते इथून हिंडलग्याच्या पंपांवर जातं, तिथून लक्ष्मी टेकडीवर, तिथं शुद्ध होतं आणि मग शहरात. शहराला हिडकल धरणाचंही पाणी येतं, पण राकसकोप जुनं. तळं पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 2475 फूट असते. जून-जुलैत रोजच्या पेपरात तो आकडा छापून येतो आणि बेळगावात तो घरोघरी मोठ्यानं वाचला जातो. आमच्याकडं वाचायचं काम वर्षानुवर्षं आईचं होतं. ती गेल्यापासून थोरली वाचते.

सोप्यात आजी बसली होती. धाकट्याला जवळ ओढून म्हणाली, "किती रोडावलास रे लेकरा." तो रोडावलेला नाही.

रविवार

सहाच्या आधीच मामानं पोरांना उठवलं. "ऊन तापायच्या आदी जाऊन येऊया."

भरलेलं तळं आणि मे महिन्यातलं तळं या दोन वेगळ्या जागा आहेत. पावसाळ्यात गावाच्या खालच्या पाणंदीपर्यंत पाणी येतं. आता पाणंद संपली तरी नुसती उतरण चालू राहते, आणि त्या उतरणीवर पट्टे दिसतात. वरचा पट्टा वाळलेला, भेगाळलेला. भेगा इतक्या रुंद की धाकट्याचा हात मनगटापर्यंत आत जातो. त्याखाली कोवळ्या गवताचा हिरवा पट्टा, गावातली गुरं सगळी तिथं. त्याखाली ओलसर काळी माती, तिच्यावर बगळ्यांच्या आणि टिटव्यांच्या पायांची नक्षी. आणि मग पाणी. मामा म्हणाला, हिरवं आहे तिथं दीड महिन्यापूर्वी पाणी होतं. म्हणजे पाणी एकेक पायरी उतरत जातं आणि उतरताना मागं गवत पेरून जातं.

वाटेत रिकामे शिंपले पायाखाली करकर वाजत होते. भाच्यानं खिसे भरून घेतले. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला दिसला, मान खाली, चोच सरळ पाण्याकडं. दोनदा सूर मारला, दोन्ही वेळा रिकामा वर आला, तिसऱ्या वेळी चोचीत काहीतरी चमकलं. मामा त्याला 'ठोकळ्या' म्हणतो. छातीवर दोन काळे पट्टे असले तर नर, एक तुटका असला तर मादी, हे मी भाच्याला सांगितलं. तो नंतर दिवसभर प्रत्येक खंड्याचे पट्टे मोजत होता.

खुंट.

गुडघ्याएवढा उंच आणि दोघांनी हात धरून कवेत घ्यावा एवढा रुंद. रंग काळा, मधे पोकळ, वरून पाण्यानं घासून घासून गुळगुळीत. मुळं मातीतून उघडी पडली आहेत आणि त्यांच्या बेचक्यांत वाळू साठली आहे. त्याच्या पलीकडं दगडांची एक आडवी ओळ. तो आजोबांनी घातलेला बांध. साठ वर्षं पाण्याखाली राहूनही दगड हललेले नाहीत. मामा त्या ओळीवर उभा राहिला आणि हातानं दाखवत म्हणाला, "हितनं तितपत्तोर आमचं. त्याच्या फुडचं तुळशीच्या वाड्यावाल्यांचं." पुढं पाणीच होतं. पोरं पाण्याकडं बघून मान हलवत होती.

मामा तेव्हा दोन-अडीच वर्षांचा. त्याला स्वतःला यातलं काही आठवत नाही. हा बांध त्याला आजोबांनी दाखवला, असाच एका मे महिन्यात, असंच उभं करून.

परत वळलो आणि टिटवी ओरडायला लागली. एक डोक्यावर, एक समोर जमिनीवर पंख पाडून लंगडल्यासारखी पळत. मामानं हात आडवा करून पोरांना जागच्या जागी थांबवलं. "हलू नका. खाली बगा. पाय टाकायच्या आदी बगा."

आम्ही बघितलं आणि आम्हाला काही दिसलं नाही. गारगोट्या, चिखलाची ढेकळं, शिंपल्यांचे तुकडे. सगळ्यात आधी थोरलीला दिसलं. तिनं बोलायचं सोडून माझं मनगट घट्ट धरलं. खुंटापासून पाच-सहा पावलांवर, बारीक खड्यांच्या एका उथळ खळग्यात चार अंडी. मातकट पिवळी, त्यावर काळे-तपकिरी डाग, अगदी तिथल्याच गारगोट्यांसारखी. चारींची निमुळती टोकं आत, मधोमध एकमेकांना टेकलेली, आणि जाड बाजू बाहेर. फुलाच्या चार पाकळ्या ठेवाव्यात तशी. घरटं म्हणावं असं काडीभर गवतही नव्हतं.

मामानं दोन मिनिटं बघू दिलं आणि मग सगळ्यांना मागं खेचलं. उन्हात टिटवी अंड्यांवरून उठली तर अंडी शिजून जातात, म्हणाला. आम्ही लांब, गवताच्या पट्ट्यावर जाऊन बसलो. टिटवी परत आली ती सरळ अंड्यांवर आली नाही. आधी पाण्याच्या कडेला गेली, पोट पाण्यात बुडवून बसली, उठली, अंग न झटकता तुरुतुरु चालत आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं परत तसंच. अंडी गार ठेवायची तिची ही रीत मी वाचलेली होती. वीस किलोमीटरवर, माझ्या आजोळच्या रानात ती दर उन्हाळ्यात घडत असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

मग थोरलीनं विचारलं, "पण मामा, पाणी वर आलं की?"

मामा म्हणाला, "टिटवीनं खाली अंडी घातल्यात. पाऊस उशिरा हाय यंदा." आमच्याकडं हा जुना आडाखा आहे. टिटवी उंचावर अंडी घालेल तर पाऊस मोठा आणि लवकर, खाली घालेल तर उशिरा. आडाख्यानं थोरलीचं समाधान झालं नाही. घरी जाताना ती पाण्यापासून खळग्यापर्यंत पावलं मोजत आली. एकतीस.

सोमवार

फणस फोडला. बरका निघाला. पुण्याच्या भाच्याला कापाच हवा होता, पण झाडावर पिकेल तो खरा. हाताला गोडंतेल चोळून मामीनं गरे काढले, आठळ्या चुलीतल्या निखाऱ्यात टाकल्या. काजूचा हंगाम संपत आलाय, शेवटच्या बोंडांचा वास परड्यात कोंडून राहिला होता. मामानं पत्र्याच्या तुकड्यावर बिया भाजल्या. टरफलातलं तेल पेट घेतं आणि ठिणग्या उडतात, म्हणून पोरांना लांब उभं केलं. भाजून झाल्यावर राखेत घोळवायच्या आणि दगडानं फोडायच्या. तळहात काळे होतात, तो डाग चार-पाच दिवस जात नाही.

मामी बोलताना "मी करतो", "मी जातो" म्हणते. आमच्या भागातल्या सगळ्याच बायका म्हणतात, माझी आईही म्हणायची. भाच्यानं तिला विचारलं, "मामीआज्जी, तुम्ही 'करते' का नाही म्हणत?" मामी हसून म्हणाली, "आमी असंच बोलतो बाबा." मी शिकले, शहरात राहिले आणि 'करते' म्हणायला लागले. आजोळी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडातून आपोआप 'करतो' निघायला लागतं, आणि मला बरं वाटतं.

दुपारी मामानं लोखंडी पेटीतून जमिनीचे कागद काढले. वरच्या रानाचे उतारे कन्नडमधले. मामाला कन्नड बोलता येतं, वाचायला जड जातं. थोरली मराठी शाळेत आहे, पण तिला कन्नड विषय आहे. सोप्यात पालथी पडून बोट ठेवत तिनं उतारा वाचला, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आणि पणजोबांचं नाव. नाव वाचताना तिचा आवाज जरा बदलला. कन्नड अक्षरांत असलं तरी नाव आपल्याच माणसाचं होतं.

"आणि पाण्याखालच्या रानाचा उतारा?" तिनं विचारलं.

"त्याचा न्हाई गे." मामा कागद परत घडी घालत म्हणाला.

आजी इतका वेळ गप्प होती. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा धरण नव्हतं. ती सांगू लागली. "पाणी येतंय, पाणी येतंय, म्हणत हुते समदे. आमाला वाटलं, वड्याला येतंय तसं येईल आन् जाईल. त्या साली आंबा कसला लागला हुता! कच्चाच उतरवला सगळा. तीन बरण्या लोनचं घातलं. पाऊस झाला, पाणी आलं, बुंध्याला लागलं. मग म्हटलं दसऱ्याला जाईल. न्हाई गेलं." आंबा दोन-तीन वर्षं पाण्यात तसाच उभा होता. मग वाळला. एका उन्हाळ्यात आजोबांनी तो तोडला आणि त्याच्या फळ्यांचा पाट केला. तो पाट अजून देवघरात आहे. त्याच्यावर बसून मी लहानपणी जेवले आहे, आणि तो कुठल्या झाडाचा हे मला आज पहिल्यांदा कळलं.

लोणचं किती वर्षं पुरलं ते विचारायचं राहून गेलं.

मंगळवार

सकाळपासून कोंदलं होतं. पान हलत नव्हतं. तांबट एका सुरात टुक-टुक करत होता आणि आमराईतून पावशा ओरडत होता, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. मामा वरच्या रानात शेणखत पसरून आला. रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं. त्याच्या आगेमागे आमच्याकडं भाताची धूळवाफ पेरणी होते, म्हणजे कोरड्या भुसभुशीत मातीतच बी टाकायचं आणि पावसाची वाट बघायची. त्यासाठी आधी एखादा वळीव हवा. वळवाशिवाय नांगर नीट लागत नाही. माळावरच्या तुकड्यात मामा रताळी लावतो, पण ती मृगानंतर.

साडेतीनला पश्चिमेकडचं आभाळ जांभळं झालं. आधी वारा आला. परड्यातली वाळत घातलेली सगळी बोंडं आणि मामीचे सांडगे उचलायला आम्ही धावलो, निम्मे सांडगे वाऱ्यानं नेले. मग कौलांवर पहिला ठोका. मग दुसरा. मग गारा.

धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा गार हातात धरली. ती वितळेपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही, आणि उघडल्यावर रडायला लागला. थोरली मात्र दारात उभी होती, तळ्याकडं तोंड करून. मला माहीत होतं ती कशाचा विचार करते आहे. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. बोराएवढ्या गारा, उघडा माळ, आणि खळग्यात एक काडीभरही आडोसा नाही.

पाऊण तास पडला आणि थांबला. मातीचा वास आला. या वासाबद्दल लिहिणार नाही, ज्यानं घेतलाय त्याला माहीत आहे.

रात्री जेवणं झाल्यावर मामा, भाचा आणि मी बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे बघायला गेलो. वळवानंतर ते बिळातून बाहेर येतात. मामानं एक खेकडा मागून, कवचाच्या दोन्ही कडांना बोटं लावून उचलला आणि भाच्याला धरायला दिला. नांग्या हवेत चालत होत्या. पोटाखालचं झाकण उचलून बघितलं तर आत मोहरीएवढी बारीक पिल्लं चिकटलेली, शेकड्यांनी. मामानं ती मादी अलगद होती तिथं ठेवली. आठ-दहा नर मिळाले तेवढे घेतले. येताना ऐनाच्या झाडांत काजवे होते. थोडेच, वीसेक असतील. अजून आठवड्यानं सबंध झाड लकाकेल, मामा म्हणाला. पण तेव्हा आम्ही इथं नसू.

बुधवार

थोरली कुणाला न सांगता पहाटे तळ्यावर गेली होती. मी मागोमाग गेले तेव्हा ती गवताच्या पट्ट्यावर बसलेली दिसली, गुडघे पोटाशी धरून. टिटवी खळग्यात बसली होती. पाठीवरची पिसं एका बाजूला विस्कटलेली, पण बसली होती. पाणी वळवानं बोटभरही चढलं नव्हतं. तापलेल्या जमिनीनं सगळं पिऊन टाकलं होतं.

दुपारी मामीच्या माहेरी गेलो, तुडयेला. तळ्याच्या पलीकडल्या अंगाला तुडये, मळवी ही गावं चंदगड तालुक्यात येतात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. 1956 पर्यंत चंदगडही बेळगाव जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, चंदगड तिकडं गेला आणि आम्ही इकडं राहिलो. रस्त्यावर ती रेघ कुठं दिसत नाही. आधी पाट्या कन्नड असतात, मग मराठी होतात, एवढंच. काजूची झाडं तीच, लाल माती तीच, अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचा रंग तोच. मामीचे भाऊ मामासारखंच बोलतात. त्यांच्या मुलाला शाळेत आणि कचेरीत सगळे कागद मराठीत मिळतात. मामाच्या मुलाला ते मिळावेत म्हणून मामानं आयुष्यात किती अर्ज केले, किती मोर्च्यांना गेला, त्याची मोजदाद नाही. या गोष्टीवर तो फार बोलत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी इथली साहित्य संमेलनं दर हिवाळ्यात भरतात, त्यांतल्या जमतील तेवढ्यांना सायकलवरून जाऊन मांडवात सगळ्यात पुढं बसायचा. आता दुचाकीवरून जातो. माझ्या लेखी त्यानं भाषा राखली ती अशी.

तिथल्या गच्चीवरून पलीकडचा काठ दिसतो. मामीनं पदर डोक्यावर ओढून डोळ्यांवर हात धरला आणि थोरलीला दाखवलं, "ते बग आपलं घर. ते कौलं, चिंचेच्या डावीकडं." मग म्हणाली, लग्नाआधी ती रात्री इथून पलीकडचे दिवे बघायची. तिथं आपण जाणार हे ठरल्यावर कुठला दिवा कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करायची. डोळ्यांना एवढं जवळ आणि रस्त्यानं एवढा मोठा वळसा. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती संध्याकाळी इकडच्या काठावर येऊन उलट्या बाजूला बघत बसायची. चाळीस वर्षांत ही गोष्ट मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी विचारलीच नव्हती.

भावजयीनं निघताना ओटीत तांदूळ, नारळ आणि पानांच्या द्रोणात करवंदं दिली. घरी पोचेपर्यंत पोरांची तोंडं जांभळी.

गुरुवार

जांबोटी रस्त्याला लागून कणकुंबीला जाऊन आलो, मलप्रभेचं उगमस्थान बघायला. वाटेत अंजनीची झुडपं निळ्या फुलांनी भरलेली होती, फुलं थेट फांदीला चिकटलेली. गाडी थांबवून बघावीत अशी.

भाच्याला नकाशाचं वेड आहे. त्यानं मामाच्या वहीत नद्या काढल्या, आणि त्या काढताना मला पहिल्यांदा नीट उलगडलं की आम्ही राहतो ती जागा काय आहे. आमच्या तळ्यातली मार्कंडेय बैलूरच्या डोंगरात उगवते, गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. कणकुंबीची मलप्रभा 304 किलोमीटर पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेत जाते. आणि याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगवणारी म्हादई उलट पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, निम्मा एका समुद्राला आणि निम्मा दुसऱ्या. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांतली एका जातीची वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आढळतात. गुहेत जायला परवानगी नाही, आणि ती नसावीच.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मामा नांगरट करून आला होता. वळवाची ओल वीतभर खाली गेली होती. बोट खुपसून त्यानं मला दाखवलं.

शुक्रवार

निघायचा दिवस. सहालाच सगळे तळ्यावर.

खळगा रिकामा होता.

चार अंड्यांतलं एकही नाही. टरफलाचा तुकडा नाही, पीस नाही, रक्ताचा डाग नाही. थोरली काही बोलली नाही. भाचा म्हणाला मुंगूस. धाकटा म्हणाला राकस. आजीनं त्याला गावाच्या नावातल्या राकसाची गोष्ट सांगून ठेवली होती. मी मनात कावळ्यांना दोष देऊन मोकळी झाले होते.

मामा आभाळाकडं बघत होता. "ती वरडतीया कशाला मग?" म्हणाला. "पिल्लं न्हाईत तर टिटवी कशाला वरडंल? फुटल्यावर टरफलं ती लांब नेऊन टाकती. खाली बसा समदे. आन् हलू नका."

आम्ही चौघं आणि मामा, खुंटाच्या आडोशाला उकिडवे बसलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत राहिली, मग समोर उतरली, मग गप्प झाली. पाच मिनिटं झाली असतील. धाकट्याला एवढा वेळ गप्प बसलेला मी कधी बघितला नाही. आणि त्यानंच बोट दाखवलं. चिखलाच्या दोन ढेकळांमधली एक गारगोटी उठून उभी राहिली. तिला लांब काटकुळे पाय होते. आक्रोडाएवढं अंग, पाठ ठिपक्याठिपक्यांची, मानेला पांढरा पट्टा. चार पावलं पळालं, चिखलात चोच मारली, आईनं एक बारीक आवाज काढला आणि ते होतं तिथं चपटं झालं. पुन्हा गारगोटी. आम्हाला जागा माहीत असून दिसेना. मग त्याच्या पलीकडं अजून एक उठलं. तिसरं थोरलीनं बघितलं म्हणते. मला दोनच दिसली.

ती पळत गेली ती वरच्या अंगाला, हिरव्या पट्ट्याकडं. थोरलीनं मोजायचा प्रयत्न केला, पण या वेळी पावलं तिची नव्हती.

आजीनं निघताना मला देवघरात बोलावलं. आंब्याचा पाट पुढं सरकवला आणि म्हणाली, "ह्यो तू ने. तुझ्या आईनं मागितला हुता, मी म्हटलं, असू दे अजून." तो आता आमच्या स्वयंपाकघरात, नळाखालच्या कट्ट्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याच्यावर अजून कुणी बसलेलं नाही. पुसून ठेवते.

जून

रोहिणी कोरडीच गेली. मृगही आठवडाभर नुसता वारा घेऊन आला. आडाखा खरा ठरला म्हणून मामा खूश नव्हता, धूळवाफेचं बी मातीत पडून होतं. मग तिसऱ्या आठवड्यात लागला तो लागलाच. थोरली रोज सकाळी पेपरातला आकडा वाचायची, अर्ध्या फुटानं, फुटानं, एकदा एका रात्रीत चार फुटांनी.

रविवारी मामाचा फोन आला. भात उगवून आलंय, म्हणाला, बोटभर. आजी बरी आहे. मग थोडं थांबून, "खुंट बुडाला काल."

थोरलीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि टिटव्यांचं विचारलं. पलीकडून मामीचा आवाज आला. रात्री बांधाच्या वरच्या अंगाला ओरडतात म्हणे, पाऊस जरा उघडला की. किती आहेत ते अंधारात कळत नाही. पण एकापेक्षा जास्त आवाज आहेत, आणि त्यांतला एक अजून नीट ओरडायला शिकलेला नाही.